हौसेचे दफ्तर : इंग्लंडच्या ईशान्येची नॉर्दर्न लीग

मराठीत ‘हौशी’ हा शब्द आपण मोठ्या प्रेमाने वापरतो, परंतु त्या प्रेमात थोडा अविश्वासही मिसळलेला असतो. हौशी नट, हौशी गवई, हौशी खेळाडू असे म्हणताना त्या माणसाच्या आवडीचे कौतुक आपण करतोच. पण ज्या कामाचा मोबदला मिळत नाही ते काम कच्चेच असावयाचे, आणि आज आहे ती हौस उद्या ओसरावयाचीच, असा एक समज त्या शब्दाच्या तळाशी दबून राहिलेला असतो. या समजास ज्या थोड्या संस्थांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, शनिवारामागून शनिवार, आपल्या कृतीने उत्तर दिले आहे, त्यांत इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातील एका फुटबॉल लीगची गणना करावी लागेल. तिचे नाव नॉर्दर्न लीग. तिची स्थापना १८८९ सालची. आणि आदल्याच वर्षी स्थापन झालेली इंग्लंडची मूळ ‘फुटबॉल लीग’ सोडली, तर आजतागायत चालू असलेली जगातील सर्वांत जुनी लीग म्हणून तिची ख्याती आहे. हौस इतकी वर्षे कशी टिकते, आणि जिला वरच्या दरबारात आसन नाही अशा संस्थेचे एका मोठ्या खेळाच्या व्यवस्थेत नेमके स्थान कोणते, हे दोन प्रश्न या लीगच्या इतिहासात एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची उकल करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम मुलूख ध्यानात घेतला पाहिजे. टीस, वेअर आणि टाइन या तीन नद्यांनी भिजवलेला, एका बाजूस उत्तर समुद्र आणि दुसऱ्या बाजूस पेनाइन डोंगरांची उघडी, वाऱ्याने झोडपलेली पठारे असलेला हा प्रदेश एकोणिसाव्या शतकात कोळशावर उभा राहिला. जेथे खाण लागली तेथे गाव वसले. खाणमालकाने बांधलेल्या एकसारख्या घरांच्या रांगा, एक प्रार्थनामंदिर, कामगारांचा क्लब, आणि गावाच्या कडेला जेवढी सपाट जमीन मिळेल तेवढ्यात आखलेले फुटबॉलचे मैदान, असा त्या गावाचा सर्वसाधारण नकाशा असे. आठवडाभर भूगर्भात ओणवे होऊन काम करणाऱ्या माणसाला शनिवारच्या दुपारी आकाशाखाली धावावयास मिळणे, यात जो आनंद होता त्याला पैशाच्या मापाने मोजण्याची गरज त्याला प्रारंभी तरी वाटली नाही. क्रूक, विलिंग्टन, टो लॉ, वेस्ट ऑकलंड, फेरीहिल, एश विनिंग ही नावे भूगोलाच्या पुस्तकात क्वचितच आढळतील. इंग्लंडच्या हौशी फुटबॉलच्या इतिहासात मात्र ती ठायी ठायी येतात.

ज्या काळात ही लीग जन्मास आली तो काळ इंग्लिश फुटबॉलच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. खेळाडूस वेतन देण्यास फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली मोठ्या अनिच्छेने मान्यता दिली; १८८८ साली लँकेशायर व मध्य इंग्लंडातील बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग काढली आणि तीत ईशान्येचा एकही क्लब नव्हता. (आपल्याकडे सिमल्यास ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली ती याच १८८८ साली, आणि मुंबईचा रोव्हर्स चषक त्यानंतर थोड्याच वर्षांनी, म्हणजे संघटित फुटबॉल हे त्या वेळी इंग्लंडातही नुकतेच रांगू लागलेले मूल होते.) तोपर्यंत क्लबांचे सामने ठरत ते पत्रापत्रीने; ठरलेल्या दिवशी पाहुणा संघ येईलच याची शाश्वती नसे, आणि न आल्यास त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणासही नसे. डार्लिंग्टन क्लबाच्या चार्ल्स क्रेव्हन यांनी पुढाकार घेऊन १८८९ मध्ये या अव्यवस्थेस आळा घातला. दहा क्लबांनी एकत्र येऊन वेळापत्रक मान्य केले, गुणांची पद्धत स्वीकारली, आणि पहिल्या हंगामाचे विजेतेपद डार्लिंग्टन सेंट ऑगस्टिन्स या संघाने मिळविले. खेळ आधीपासून होताच. लीगने त्याला दफ्तर दिले. कोणी कोणाशी कधी खेळावयाचे, निकाल कोणाकडे कळवावयाचा, तक्रार कोणापुढे मांडावयाची, हे सारे ज्या दिवशी नोंदवहीत उतरले, त्या दिवशी हौसेची संस्था झाली.

त्या पहिल्या दहांत न्यूकॅसल ईस्ट एंड व न्यूकॅसल वेस्ट एंड हे दोन क्लब होते. १८९२ साली वेस्ट एंड मोडकळीस आला, त्याचे सेंट जेम्सेस पार्क हे मैदान ईस्ट एंडच्या ताब्यात गेले, आणि वर्षअखेरीस त्या क्लबाने न्यूकॅसल युनायटेड हे नाव धारण केले. मिडल्सब्रो हाही मूळ सभासद. त्याने १८९९ साली धंदेवाईक फुटबॉल लीगमध्ये प्रवेश केला. याचा अर्थ असा की, आज ज्यांची मैदाने हजारो माणसांनी भरतात अशा क्लबांची उमेदवारी या लीगमध्ये झाली. मोठे क्लब निघून गेले, आणि मागे राहिले ते लहान गावांचे, खाणींचे, हौशी क्लब. या क्लबांनी आपल्या धाकटेपणाचे दुःख केले नाही. हौशीपणा हेच आपले ब्रीद मानून त्यांनी त्या क्षेत्रात असे प्रभुत्व गाजविले, की १८९३–९४ पासून हौशी संघांसाठी चालू झालेला एफ.ए. अमॅच्युअर कप या लीगच्या क्लबांनी वीसपेक्षा अधिक वेळा आपल्या मुलखात नेला.

या विजयपरंपरेत अग्रस्थान बिशप ऑकलंडचे. डरहॅमच्या बिशपांचे निवासस्थान असलेले हे गाव. तेथे धर्मशास्त्राचे अध्ययन करावयास आलेल्या ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी रुजविलेल्या खेळाची खूण म्हणून क्लबाने त्या दोन विद्यापीठांचे गडद व फिकट निळे रंग घेतले आणि पुढे हाच संघ खाणकामगारांच्या वस्तीचा अभिमान झाला. अठरा वेळा अंतिम सामना आणि दहा वेळा विजेतेपद, हा त्याचा अमॅच्युअर कपातील विक्रम. ती स्पर्धाच आता बंद झाल्यामुळे तो कायमचा अबाधित राहिला आहे. परंतु विक्रमाच्या आकड्यांपेक्षा १९५४ सालचा अंतिम सामना त्या काळाची साक्ष अधिक चांगली देतो. त्या वर्षी बिशप ऑकलंडची गाठ पडली ती क्रूक टाउनशी, म्हणजे पाचसहा मैलांवरील शेजाऱ्याशी. दोन शेजारी गावांचा हा सामना पाहावयास १० एप्रिल रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एक लाख माणसे जमली. सामना २–२ असा बरोबरीत सुटला. फेरसामना न्यूकॅसल येथे झाला, तेथे ५६ हजार लोक आले, आणि पुन्हा २–२. तिसरा सामना मिडल्सब्रो येथे ३६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला, तेव्हा कोठे क्रूकने एका गोलाने निकाल लावला. ज्यांतील एकाही खेळाडूस करारपत्रान्वये वेतन नव्हते अशा दोन संघांसाठी तीन सामन्यांत एक लाख नव्वद हजारांहून अधिक माणसांनी तिकिटे काढावीत, ही घटना आज कल्पनेतही आणणे कठीण आहे. पराभूत बिशप ऑकलंडने त्यानंतर १९५५, १९५६ व १९५७ अशी सलग तीन वर्षे तो चषक जिंकला.

त्या संघाचा आधारस्तंभ बॉब हार्डिस्टी. १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन ऑलिंपिकांच्या ब्रिटिश फुटबॉल संघांत त्याची निवड झाली होती. पैकी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकशी आपला एक दूरचा ऋणानुबंध आहे. तेथे ब्रिटनच्या हौशी संघास बल्गेरियाने ६–१ असे हरविले आणि त्याच बल्गेरियाकडून भारतीय संघ ब्राँझपदकाच्या सामन्यात पराभूत होऊन चौथा आला; तत्पूर्वी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारतास उपांत्य फेरीत नेणारा नेव्हिल डिसोझा हा गोव्यातील आसगावचा, आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेला. डरहॅमच्या खाणपट्ट्यातील हार्डिस्टी आणि बारदेशातील डिसोझा हे एकाच हौशी फुटबॉलच्या शेवटच्या बहराचे मानकरी होते; दोघांच्याही खेळाला पुढे धंदेवाईक जगाने झाकोळून टाकले.

हौशी खेळाडूचा दर्जा काय असू शकतो याचे आणखी दोन दाखले द्यावेसे वाटतात. शेमस ओकॉनल हा गुरांचा व्यापार करणारा तरुण. १९५४ च्या ऑक्टोबरात चेल्सीकडून पहिलाच सामना खेळताना त्याने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तीन गोल केले, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस चेल्सीबरोबर देशाचे अजिंक्यपद व बिशप ऑकलंडबरोबर अमॅच्युअर कप असे दोन्ही मान त्याच्या वाट्यास आले. दुसरा दाखला अधिक गंभीर. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिक येथील विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा तरुण संघ उद्ध्वस्त झाला, तेव्हा उरलेली फळी उभी करण्यासाठी त्या क्लबाने ज्यांना हाक दिली त्यांत बिशप ऑकलंडचे हार्डिस्टी, डेरेक लेविन व वॉरन ब्रॅडली हे तिघे होते. ते आपला हौशी दर्जा कायम ठेवून मदतीस गेले. पैकी ब्रॅडली पेशाने शिक्षक. तो पुढे युनायटेडच्या मुख्य संघात स्थिर झाला आणि १९५९ साली इंग्लंडच्या पूर्ण राष्ट्रीय संघाकडून तीन सामने खेळला. देशातील सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकावर आपत्ती कोसळली असता त्याने एका हौशी क्लबाचे दार ठोठावावे, यापेक्षा त्या हौशीपणाच्या योग्यतेचे निराळे प्रमाणपत्र शोधावयास नको.

या लीगच्या गावांनी परदेशातही आपली मुद्रा उमटविली. वेस्ट ऑकलंड हे एक लहानसे खेडे. १९०९ साली चहाचे प्रसिद्ध व्यापारी सर टॉमस लिप्टन यांनी इटलीत ट्युरिन येथे निरनिराळ्या देशांच्या क्लबांची स्पर्धा भरविली; फुटबॉल असोसिएशनने तीत संघ पाठविण्यास नकार दिला आणि इंग्लंडचे प्रतिनिधित्व वेस्ट ऑकलंडच्या खाणकामगारांकडे आले. त्यांनी अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर संघास २–० असे हरवून चषक जिंकला आणि १९११ साली पुन्हा जाऊन अंतिम सामन्यात युव्हेंटससारख्या क्लबाला ६–१ अशी धूळ चारून तो कायमचा आपल्याकडे आणला. परंतु या दुसऱ्या प्रवासाने क्लब कर्जात बुडाला. खाणीतील मजुरी बुडवून, पदरमोड करून गेलेल्या या माणसांपाशी देणे फेडण्यास चषकाखेरीज दुसरे काही नव्हते. तो त्यांनी गावच्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकिणीकडे चाळीस पौंडांना गहाण ठेवला. गहाण सुटले ते १९६० साली, शंभर पौंड मोजून. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक गावाच्या कर्तृत्वाचे ते प्रतीक एका घरी तारण म्हणून पडून होते. १९९४ साली तो मूळ चषक कामगारांच्या क्लबातून चोरीस गेला, आणि तो आजवर सापडलेला नाही. गावाने त्याची प्रतिकृती घडवून घेतली आहे. पहिल्या प्रवासात पाहुणा खेळाडू म्हणून वेस्ट ऑकलंडबरोबर गेलेला क्रूकचा जॅक ग्रीनवेल हा खाणकामगार पुढे बार्सिलोनाकडून खेळला, त्या विख्यात क्लबाचा अनेक वर्षे प्रशिक्षक झाला, आणि १९३९ साली त्याच्याच मार्गदर्शनाखाली पेरूने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले.

येथपर्यंतचे चित्र उजळ आहे; परंतु हौशीपणाची दुसरी बाजू लपविली तर लेख अप्रामाणिक होईल. हौशी खेळाडूने प्रवासखर्चापलीकडे एक पैही घेऊ नये, हा नियम ज्यांनी केला त्यांना बहुधा पोटाची विवंचना नव्हती. शनिवारची पाळी बुडवून सामन्याला जाणाऱ्या खाणकामगाराच्या घरी त्या पाळीची मजुरी कमी येई. आणि ती बुडालेली मजुरी भरून देणे हेही नियमाने पापच ठरे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सामना संपल्यावर खेळाडूला आपल्या बुटात काही नाणी किंवा नोट सापडावी, प्रवासखर्चाच्या यादीत मैल वाढावेत, असे प्रकार सर्रास होऊ लागले आणि त्याला ‘बुटातले पैसे’ असे नावच पडले. १९२८ च्या सुमारास क्रूक टाउनच्या हिशेबाची चौकशी झाली. क्रूकवाल्यांनी मग इतर क्लबांचे हिशेबही उजेडात आणले, आणि डरहॅम परगण्याच्या असोसिएशनने एकाच प्रकरणात तीनशेहून अधिक खेळाडूंना निलंबित केले. धंदेवाईक खेळाडूच्या साप्ताहिक वेतनावर १९६१ पर्यंत कमाल मर्यादेचा निर्बंध होता, अखेरीस ती वीस पौंड होती. त्यामुळे चांगली नोकरी सांभाळून बुटातले पैसे घेणारा ‘हौशी’ खेळाडू पुष्कळदा धंदेवाईकापेक्षा अधिक सुस्थितीत असे. १९७४ साली फुटबॉल असोसिएशनने हौशी व धंदेवाईक हा भेदच रद्द केला, सर्वांना केवळ ‘खेळाडू’ ही संज्ञा दिली, आणि अमॅच्युअर कप त्या वर्षी शेवटचा खेळला गेला. माझ्या मते हा निर्णय न्याय्य होता. जो नियम गरिबाला खोटे बोलावयास लावतो, तो नियम कितीही उदात्त भाषेत लिहिलेला असला तरी टिकण्यास पात्र नसतो.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे नॉर्दर्न लीगच्या परीक्षेची ठरली. तोपर्यंत इंग्लंडात फुटबॉल लीगच्या खाली असलेल्या शेकडो लीगांचा परस्परांशी रीतसर संबंध नव्हता. १९६८ साली नॉर्दर्न प्रीमियर लीग व १९७९ साली देशव्यापी अलायन्स प्रीमियर लीग स्थापन झाल्यावर हळूहळू एक जिना बांधला जाऊ लागला. विजेत्याने वर चढावे, तळच्याने खाली उतरावे, आणि अगदी खेड्यातील क्लबालाही कागदोपत्री का होईना देशाच्या अव्वल श्रेणीपर्यंत वाट असावी, ही त्यामागील कल्पना. नॉर्दर्न लीगला या व्यवस्थेत येण्याचे निमंत्रण होते. तिने ते नाकारले. तिच्या बाजूने पाहता या नकारास कारणे होती. आपण कोणाच्याही हाताखालच्या नाही, आपला इतिहास नव्या लीगांहून कितीतरी जुना आहे, आणि लांबच्या प्रवासाचा खर्च आपल्या क्लबांना झेपणार नाही, हे तिचे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनच होते. शिवाय ब्लाइथ स्पार्टन्सची ताजी आठवण तिच्या अभिमानाला बळ देत होती. १९७८ च्या फेब्रुवारीत लीगच्या या हौशी परंपरेतील क्लबाने एफ.ए. कपात स्टोक सिटीला ३–२ असे हरवून पाचवी फेरी गाठली होती. रेक्सम येथील त्या फेरीच्या सामन्यात ते अखेरच्या मिनिटापर्यंत १–० असे पुढे होते. तेव्हा कॉर्नरचे निशाण गोठलेल्या जमिनीत उभे राहीना, ते पडले म्हणून पंचांनी कॉर्नर पुन्हा घ्यावयास लावला, आणि त्यातूनच बरोबरीचा गोल झाला. न्यूकॅसलच्या मैदानावर झालेला फेरसामना ४२ हजार लोकांनी पाहिला; ब्लाइथ तो १–२ असा हरले. त्या एका निशाणाची गोष्ट त्या मुलखात आजही सांगितली जाते.

परंतु पूर्वजांच्या पुण्याईवर संस्था किती दिवस जगणार? जिन्याबाहेर राहिलेल्या लीगमधून महत्त्वाकांक्षी क्लब एकेक करून निघून जाऊ लागले. बिशप ऑकलंडसारखा तिचा मुकुटमणी १९८८ साली नॉर्दर्न प्रीमियर लीगकडे गेला. त्याच काळात खाणीही एकामागून एक बंद होत होत्या. १९५१ च्या डरहॅम परगण्याच्या आराखड्यात शंभराहून अधिक गावांना ‘ड’ वर्गात घालून त्यांच्यात यापुढे काहीही गुंतवणूक करू नये, ती आपोआप ओस पडू द्यावीत, असे ठरविण्यात आले होते. आणि १९९३ साली वेअर नदीच्या मुखाजवळील वेअरमथ खाण बंद पडून डरहॅमच्या कोळशाचे युगच संपले. त्या खाणीच्या जागेवर आज संडरलँड क्लबाचे विशाल मैदान उभे आहे. खाण गेली, खाणीच्या वर्गणीतून चालणारे कामगार-क्लब खंगले, रेल्वेचे फाटे उखडले गेले. अशा गावात सार्वजनिक म्हणावे असे जे थोडे उरले, त्यांत शनिवारचा सामना होता. १९९१ साली नॉर्दर्न लीगने अखेर आपला ताठा सोडून जिन्यात प्रवेश केला. अभिमानाची किंमत तिने जबर मोजली होती. परंतु चूक दुरुस्त करण्याचे धैर्य तिने दाखविले, हेही तितकेच नमूद केले पाहिजे.

आज तिचे स्थान काय, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रीमियर लीगचे २० क्लब आणि तिच्या खालच्या तीन श्रेणींतील प्रत्येकी २४, असे ९२ क्लब मिळून इंग्लिश फुटबॉलचे वरचे चार मजले होतात. पाचवा मजला नॅशनल लीगचा, सहावा तिच्या उत्तर व दक्षिण विभागांचा, सातवा व आठवा मोठ्या प्रादेशिक लीगांचा. आणि नवव्या मजल्यावर देशभर विखुरलेले जे समकक्ष विभाग आहेत त्यांपैकी एक म्हणजे नॉर्दर्न लीगची पहिली श्रेणी. तिची दुसरी श्रेणी दहाव्या मजल्यावर. नवव्या मजल्यावरील क्लबांना एफ.ए. कपाचा प्रवास ऑगस्टमध्येच सुरू करावा लागतो, आणि जानेवारीत मोठे क्लब उतरतात तोवर त्यांतील बहुतेकांचा प्रवास संपलेला असतो. त्यांच्यासाठी खरा मान एफ.ए. व्हेज या चषकाचा. अमॅच्युअर कप बंद झाल्यावर १९७४–७५ पासून सुरू झालेल्या या स्पर्धेचा अंतिम सामना वेम्ब्लीवर होतो. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत हा चषक आठ वेळा नॉर्दर्न लीगच्या क्लबांनी जिंकला : व्हिटली बेने सलग तीनदा, मग डन्स्टन, स्पेनीमूर, नॉर्थ शील्ड्स, मॉर्पेथ आणि साउथ शील्ड्स यांनी प्रत्येकी एकदा, आणि २०१४ साली एकच वर्ष जे हुकले, त्याही वर्षी अंतिम सामन्यात हरलेला संघ वेस्ट ऑकलंडच होता. देशाच्या सर्व दिशांना त्या मजल्यावर शेकडो क्लब असताना एका कोपऱ्याने असे वर्चस्व गाजवावे, यात त्या मुलखाची शंभर वर्षांची खेळाची शेती दिसते.

आणि जिना खरोखर चढता येतो, याचेही दाखले याच लीगने दिले. साउथ शील्ड्स हा क्लब २०१३ पासून दोन हंगाम स्वतःच्या मैदानाविना परगावी, मूठभर प्रेक्षकांसमोर खेळत होता. २०१५ साली तो आपल्या मैदानावर परतला, दोन वर्षांत व्हेज जिंकला, आणि पुढे सहाव्या मजल्यापर्यंत जाऊन पोहोचला. स्पेनीमूर त्याच्या आधीच तेथे गेला होता. उलट बिशप ऑकलंडसारखा थोर क्लब घसरत घसरत आपल्या जुन्या लीगमध्ये परत आला, आणि २००१ पासून २०१० पर्यंत त्याला स्वतःचे मैदानही नव्हते. तेव्हा या लीगने त्याला आसरा दिला. वर जाणाऱ्यास निरोप आणि खाली येणाऱ्यास घर, अशी दोन्ही कामे तिला करावी लागतात.

हे सारे चालते कोणाच्या बळावर? टो लॉ या गावाचे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंचीवर, पठाराच्या कडेला, एका जुन्या लोखंडाच्या कारखान्याचे नाव लावणारे त्याचे मैदान. तेथे वारा असा सुटतो की उंच मारलेला चेंडू मारणाऱ्याकडेच परत यावा. याच मैदानावर १९६७ साली एफ.ए. कपाच्या पहिल्या फेरीत टो लॉने धंदेवाईक मॅन्सफील्ड टाउनला ५–१ असे हरविले. येथूनच क्रिस वॉडल हा मसाल्याच्या कारखान्यात काम करणारा मुलगा १९८० साली न्यूकॅसलला गेला आणि दहा वर्षांनी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून खेळला. पण प्रत्येक दशकात वॉडल निपजत नाही. दर शनिवारी निपजावी लागतात ती निराळी माणसे : सकाळी बर्फ बाजूला सारणारा, चुन्याच्या रेघा ओढणारा, दारावर तिकिटे फाडणारा, मध्यंतरासाठी चहा उकळणारी, पंचांचा भत्ता मोजून पाकिटात घालणारा, आणि संध्याकाळी निकाल वेळेत कळविणारा चिटणीस. त्या मजल्यावर क्लब राखावयाचा तर प्रकाशझोत, छप्पर असलेला सज्जा, बैठका, कुंपण या सर्वांची तपासणी होते. एका अटीत उणे पडले तर मैदानावर जिंकलेली बढती कागदावर हरते. १९९६ ते २०१६ अशी वीस वर्षे लीगचे अध्यक्षपद सांभाळणारे पत्रकार माइक एमॉस यांनी मैदानावरील शिवीगाळीविरुद्ध मोहीम चालविली, ती याच जाणिवेतून की जेथे आजोबा नातवाचा हात धरून येतात ती जागा सभ्य राहिली पाहिजे.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. हौस टिकते ती शिस्तीच्या जोरावर. केवळ प्रेमावर विसंबलेले क्लब या मुलखात शेकड्यांनी जन्मले आणि विरून गेले. टिकले ते, ज्यांच्या प्रेमाने नोंदवही, वर्गणी, ठराव आणि हिशेब यांचा कंटाळा केला नाही. हौशीपणाच्या नावाखाली हिशेब खोटे लिहिले गेले तेव्हा लीगची अब्रू गेली. अभिमानापायी वरच्या मजल्याशी नाते तोडले तेव्हा तिचे बळ गेले. आणि नाते जोडून आपले घर सांभाळले तेव्हा दोन्ही परत आले. इंग्लिश फुटबॉलमधील तिच्या स्थानाविषयी म्हणाल, तर जिन्याच्या हिशेबात ते नववे आणि दहावे आहे. परंतु ज्यांच्या खाणी गेल्या, रेल्वे गेली, आणि ज्यांना सरकारी आराखड्याने ओस पडण्यास मोकळे सोडले, त्या गावांच्या हिशेबात तिचे स्थान पहिले आहे. वाचकांपैकी कोणास कधी त्या मुलखात जाण्याचा योग आला, तर मोठ्या मैदानांची तिकिटे मिळोत न मिळोत, एक शनिवार या लीगच्या एखाद्या सामन्यासाठी अवश्य राखून ठेवावा. बहुतेक सामने दुपारी तीन वाजता सुरू होतात, आणि दारावर तिकीट फाडणाऱ्या माणसाला त्या कामाचे वेतन सहसा मिळत नाही.